लॅपटॉप घेताना टिकाऊपणाही तपासावा

महोदय,

अभियांत्रिकीचे प्रवेश निश्चित झाले की सीताबर्डीतील दुकानांत लॅपटॉप घेणाऱ्या पालकांची गर्दी होते. चौकशी होते ती मासिक हप्त्याची आणि सोबत मिळणाऱ्या बॅगेची. यंत्र चार वर्षे चालेल का आणि बिघडल्यास उघडून दुरुस्त होईल का, हे क्वचितच कोणी विचारते.

स्वस्त नव्या लॅपटॉपांपैकी अनेकांत रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती स्मृती) मदरबोर्डवरच, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटवरच, पक्की जोडलेली असल्याने ती पुढे वाढवता येत नाही, आणि पडद्याची बिजागरी पातळ प्लॅस्टिकच्या आधारावर असल्याने रोजच्या उघडझापीने तो आधार तडकला की दुरुस्तीचा खर्च पालकांना परवडत नाही. याउलट लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड आणि एचपीचे एलिटबुक हे कार्यालयीन वापरासाठी बनवलेले असतात आणि मोठ्या कंपन्यांनी तीन-चार वर्षांनी बदलल्यावर सेकंड हँड बाजारात निम्म्याहूनही कमी किमतीत मिळतात. त्यांचे सुटे भाग सहज मिळतात आणि ते कसे उघडावेत याची सचित्र पुस्तिका निर्माते संकेतस्थळावर विनामूल्य देतात. थिंकपॅड टी४८० मध्ये तर रॅमचे दोन स्लॉट आहेत आणि मागची बॅटरी स्क्रू न काढता बदलता येते. मात्र याच कंपन्यांच्या अतिपातळ मॉडेलांत रॅम बहुधा पक्की जोडलेली असते, तेव्हा केवळ नावावर विसंबू नये.

नागपुरात हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. अनेक लॅपटॉपांच्या माहितीपत्रकात वापरासाठी कमाल तापमान ३५ अंश दिलेले असते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. पंख्यात धूळ साचली की यंत्र तापते, संथ होते आणि अचानक बंद पडते. ज्याचे खालचे झाकण मोजक्या स्क्रूंनी निघते, त्याची दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी सफाई करून घेता येते.

जुने यंत्र घेताना प्रोसेसर आधी पाहावा. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टकडून नियमित सुरक्षा अपडेट मिळणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असून, विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुने यंत्र विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली वापरणाऱ्यानेच घ्यावे. विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी-शेजारी दिसते; फरक मोठा असेल, तर नव्या बॅटरीचा खर्च सौद्यातच धरावा. बायोसला (यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीला) पासवर्ड नाही, याची खात्री दुकानातच करावी, आणि विंडोज नव्याने टाकून इंटरनेट जोडल्यावर जुन्या कंपनीचे लॉगइन मागितले जात असेल, तर त्यावर अजून त्या कंपनीचेच नियंत्रण आहे असे समजावे; तो लॅपटॉप कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

ॲनिमेशन किंवा वास्तुकला शिकणाऱ्यांना वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते. त्यांना असे साधे कार्यालयीन मॉडेल पुरणार नाही. म्हणूनच महाविद्यालयांनी विभागवार किमान गरजा प्रवेशाच्या वेळीच जाहीर कराव्यात, आणि विक्रेत्यांनी जुन्या लॅपटॉपच्या पक्क्या बिलावर अनुक्रमांक, बॅटरीची स्थिती व किमान सहा महिन्यांची हमी लिहून द्यावी, अशी माझी विनंती आहे.

– एक पालक, प्रतापनगर, नागपूर