गोळी उशिरा पोचते, साहेब

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

मी कळव्याची. माझा नातू पाठीवर लिंबाएवढी पातळ पिशवी घेऊन जन्मला. डॉक्टर म्हणाले, स्पायना बायफिडा, म्हणजे पाठीचा कणा नीट मिटलेलाच नाही. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, मग डोक्यात पाणी साठलं म्हणून ते काढून टाकणारी नळी, शंट, बसवली. आता तीन वर्षांचा आहे. पायांत कॅलिपर, आणि दर चार तासांनी नळीने लघवी काढावी लागते; तेही शिकले मी. तोंड मात्र अखंड चालू असतं त्याचं.

सुनेचं काय चुकलं, हे शेजारणींनी सांगून झालं. ग्रहणही निघालं त्यात. मग मी डॉक्टरांनाच विचारलं. गर्भ राहिल्यावर तिसऱ्या आठवड्यात पाठीच्या जागी एक चपटी पट्टी असते. तिच्या कडा वर उचलून एकमेकींना भेटतात आणि नळी होते. तिचाच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत ती मिटली तर मिटली. वरचं टोक उघडं राहिलं तर बाळ जगत नाही, खालचं राहिलं तर आमच्यासारखं.

अठ्ठाविसावा दिवस म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. सुनेचं नाव नोंदलं तिसऱ्या महिन्यात. ही नळी मिटायला मदत करणारी फॉलिक ॲसिडची गोळी त्याच दिवशी हातात पडली. आशाताईंचा काही दोष नाही.

सगळंच गोळीने टळतं असं नाही. पण १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात, आधी असं मूल झालेल्या बायकांमध्ये या गोळीने धोका ७२ टक्क्यांनी घटला. अमेरिकेने १९९८ पासून पिठातच फॉलिक ॲसिड घालणं सक्तीचं केलं. आणि याच मुंबईत १९२८ नंतर लुसी विल्स नावाची डॉक्टरीण गिरणी कामगार गर्भवतींचा पंडुरोग शोधत होती. त्याच कामातून पुढे फोलेट, म्हणजे फॉलिक ॲसिड ज्याचं रूप आहे ते जीवनसत्त्व, सापडलं. आपल्याच दारातली गोष्ट!

सरकारच्या 'ॲनिमियामुक्त भारत' योजनेच्या कागदात, गर्भवती नसलेल्या बाईलाही लोह आणि फॉलिक ॲसिडची आठवड्याची गोळी आहे. आमच्या चाळीत ती नोंदणीनंतरच दिसते.

माझी मागणी एवढीच: लग्न नोंदवायला जोडपं महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात येतंच. प्रमाणपत्रासोबत रोज घ्यायच्या ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांची पट्टी द्या, आणि 'पाळी चुकायची वाट पाहू नका' एवढं मराठीत छापा.

सुनेला पुढच्या वेळी ४ मिलिग्रॅम, म्हणजे दहापट घ्यायला सांगितलंय, तेही आधीपासून. ते आम्हाला आता कळलं. ठाण्यात या महिन्यात ज्यांची लग्नं लागतील, त्यांना कोण सांगणार आहे?

आपली,
कळव्यातली एक आजी