डीजेच्या कामाविषयी आई-बाबांना

खराडी, पुणे
रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी जेवताना मी डीजेच्या कामाचा विषय काढला आणि बोलणे तिथेच थांबले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. बाबा, विसर्जनाच्या रात्री नारायण पेठेतल्या आपल्या घराची तावदाने ज्यामुळे थरथरतात आणि आजीला ज्यामुळे दरवर्षी आत्याकडे हलवावे लागते, त्या स्पीकरच्या भिंतीलाच पुण्यात ‘डीजे’ म्हणतात, त्यामुळे तुमचा राग मी समजू शकते. माझे काम गाणी निवडण्याचे आणि ती एकमेकांत अशी मिसळण्याचे आहे की ऐकणाऱ्याला सांधा जाणवू नये.

लहानपणी तुम्ही तीनतालाच्या सोळा मात्रा माझ्याकडून बोटांच्या पेरांवर मोजून घेत होता, तेच मोजणे आज उपयोगी पडते. नाचाच्या संगीतात बहुधा चार-चार ठोक्यांचे गट असतात आणि सोळा किंवा बत्तीस ठोक्यांनंतर गाणे वळण घेते. नवे गाणे त्या समेवर आणले नाही, तर दोन्हींचा वेग मिनिटाला १२४ ठोके असा तंतोतंत जुळूनही कानाला खटकते. एका कानावर हेडफोनमधून पुढचे गाणे, दुसऱ्या कानाने सभागृहात चाललेले, आणि बोटाखाली वेगाची पट्टी, एवढे जमायला पगारातून घेतलेल्या जुन्या कंट्रोलरवर, म्हणजे गाणी मिसळण्याच्या यंत्रावर, मला आठ महिने लागले. वेग आपोआप जुळवणारे बटण त्यावर होते, पण कान तयार व्हावा म्हणून मी ते वापरले नाही.

काम मिळायला त्याहून अधिक वेळ गेला. बालेवाडीतल्या एका रेस्टॉरंटमध्ये मी आधी मानधनाशिवाय दोनदा वाजवले, तेही लोक जेवत असताना, आठ ते दहा या वेळेत. त्या वेळी आवाज बेताचा ठेवायचा आणि मुख्य डीजेची गाजलेली गाणी आधीच वाजवून टाकायची नाहीत, हे पथ्य मी पाळले. तिसऱ्या वेळी त्यांनी स्वतःहून बोलावले आणि २,५०० रुपये दिले. पुढे ऑफिसातल्या मैत्रिणीच्या संगीत समारंभाचे काम आले, आणि तिथून एकातून एक लग्नघरे मिळत गेली. तिथे कोळीगीत कधी लावावे हे मला मुलांपेक्षा मावशी-काकूंकडे बघून कळते. एका ठिकाणी मात्र पैसे बुडाले. तेव्हापासून मी निम्मी रक्कम आगाऊ घेते आणि किती तास वाजवायचे, स्पीकर कोणी आणायचे, गाण्यांचा परवाना कोण काढणार, हे आधी लिहून घेते. गेल्या वर्षी अशी अठरा कामे झाली. नोकरी मी सोडलेली नाही, आणि एवढ्या कामांवर ती सोडणे शहाणपणाचेही नाही.

आई, तुला माझ्या कानांची आणि रात्रीच्या परतण्याची काळजी वाटते. ८५ डेसिबल आवाजात आठ तासांपर्यंत थांबावे आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलमागे ती वेळ निम्मी करावी, असे तज्ज्ञ सांगतात; म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे होतात. म्हणून मी कानात संरक्षक बोळे घालते आणि स्पीकरच्या तोंडासमोर उभी राहत नाही. उघड्यावरचे ध्वनिक्षेपक २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहाला बंद करावे लागतात, त्यामुळे लॉनवरच्या कामाहून मी साडेअकरापर्यंत घरी येते. हॉटेलातले काम लांबले, तर गाडीची सोय ठरल्याशिवाय मी होकार देत नाही.

येत्या शनिवारी म्हात्रे पुलाजवळच्या लॉनवर माझे काम आहे. यजमानांना विचारले आहे, तुम्ही दोघे आलात तर त्यांना आनंदच आहे. बाबा, सात वाजता मागच्या बाजूच्या खुर्च्यांवर बसा, तिथे आवाज सौम्य असतो. सम चुकली, तर घरी आल्यावर मला सांगा.

तुमची,
मनू