चिखलदऱ्याच्या गर्दीपलीकडचे डोंगर वाटाड्यासोबत पायी पाहू द्या

संपादक साहेब, नमस्कार.

मी अचलपूर तालुक्यातल्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावची. वय ४८, घरी संत्र्याची बाग आहे. आपल्या पेपरात दर पावसाळ्यात चिखलदऱ्याच्या घाटातल्या जामचे फोटो येतात, शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा, पॉइंटवर उभं राहायला जागा नाही, धबधब्याखाली बाटल्या आणि कुरकुऱ्यांचे पुडे, आणि मग लोकांची मागणी येते की पार्किंग वाढवा, रस्ता रुंद करा. मला वेगळं म्हणायचं आहे. चिखलदऱ्याच्या आजूबाजूला गाविलगडाचा एवढा डोंगर पसरला आहे, त्यातल्या ज्या टेकड्यांकडं कोणी फिरकत नाही तिथं कोरकू आदिवासी वाटाड्यासोबत दिवसभर पायी फिरायची रीतसर सोय करा. माणसं थोडी, दिवस एक, आणि जो वाट दाखवतो त्याला त्याचे पूर्ण पैसे. मागणं एवढंच, पण ते का हे सांगायला थोडं लांबण लागेल, आपण छापाल अशी आशा.

हे डोक्यात आलं माझ्या भाचीमुळं. ती शिकायला इंग्लंडात आहे. मागच्या वर्षी ती लेक डिस्ट्रिक्ट नावाच्या भागात गेली होती, तिकडं डोंगराला फेल म्हणतात, आणि २०१७ साली युनेस्कोनं तो सगळा भाग जागतिक वारसा यादीत घेतला म्हणे. गर्दीचे डोंगर सोडून स्किडॉ नावाच्या डोंगराच्या मागच्या बाजूला, जिथं लोक कमी जातात तिथं, आठ जणांना घेऊन एक वाटाड्या बाई दिवसभर चालल्या. त्या बाईंनी त्यासाठी रीतसर परीक्षा दिलेली, सर्टिफिकेट असलेलं, आणि त्यांचं पोट त्याच कामावर. भाची फोनवर सांगत होती आणि मी विचारलं किती उंच गं तिकडचे डोंगर, तर इंग्लंडातला सगळ्यात उंच स्काफेल पाइक ९७८ मीटर. आपलं चिखलदरा १११८ मीटर आहे आणि त्याच्या जवळचं वैराटचं टोक ११७८. मी त्या रात्री हेच घोळवत होती की आपल्या दारातला डोंगर त्यांच्या सगळ्यात उंच डोंगराहून उंच आहे आणि आमच्या गावातल्या अर्ध्या बायांनी तो फक्त गच्चीवरून पाहिला आहे, कपडे वाळत घालताना.

आमच्या बचत गटाच्या मीटिंगमध्ये मी विषय काढला. आधी कोणी बोललं नाही, मग पाटलांच्या वहिनी म्हणाल्या मी येते, आणि त्या येतात म्हटल्यावर ११ जणी झाल्या. परवानगीसाठी मात्र खूप फिरवलं आम्हाला. एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात, तिथून परत पहिल्या, आणि एका साहेबांनी तर तोंडावर म्हटलं की बायांनी कशाला डोंगरात जावं, गाडी करा, पॉइंट पाहून या. ते बोलणं मला अजून लागलेलं आहे. शेवटी मार्ग निघाला तो एका कोरकू गावाच्या ग्रामसभेकडून. टायगर प्रोजेक्टच्या हद्दीबाहेर त्यांच्याकडं सामूहिक वनहक्काचं, म्हणजे कायद्यानं सगळ्या गावाला हक्क दिलेलं जंगल आहे, त्यांनी बैठक घेतली, आमची नावं लिहून घेतली, आणि दोन माणसं सोबत दिली, एक पन्नाशीचे भाऊ आणि एक मावशी. टेकडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, त्या गावानं सांगितलं तरच लिहीन.

संक्रांत झाल्यावर एका मंगळवारी सकाळी साडेसहाला निघालो. थंडी एवढी होती की शाल डोक्यावरून घेतली होती सगळ्यांनी. भाऊंनी आधी सगळ्यांच्या पायाकडं पाहिलं. दोघींच्या पायात चप्पल होती, त्यांना म्हणाले आज नाही चालणार, आणि गावातून कापडी बूट आणवले, मग निघाले. सेंट लावलं का कोणी, हेही विचारलं, कारण वरच्या कड्याला आग्या मोहोळ असतात. मोबाइलवर गाणी नाही, ओळ सोडायची नाही, पुढं भाऊ आणि शेवटी मावशी, मधल्या कोणी थांबल्या तर सगळ्यांनी थांबायचं. आणि चाल इतकी सावकाश की पहिल्या अर्ध्या तासात मला वाटलं असं चाललो तर कधी पोचायचं, पण दहाच्या सुमारास कळलं की एकीलाही धाप लागलेली नाही. "पाय पुरा टेकवा बाई, बोटावर नका चढू," हे ते दिवसभर म्हणत होते.

पायथ्यालाच एक गोष्ट दाखवली त्यांनी जी मला ४८ वर्षांत कोणी दाखवली नव्हती. डोंगर संपतो आणि सपाट सुरू होते तिथं गोट्या-रेतीचा जाड पट्टा आहे, नाल्यात पाणी येतं आणि तिथं आल्यावर गायब होतं. भाऊ म्हणाले हे पाणी कुठं जात नाही, खाली मुरते, तुमच्या विहिरीत निघते. भूजलवाले त्याला बझाडा म्हणतात हे मला नंतर आमच्या पोराच्या पुस्तकातून कळलं. डोंगरावरून वाहून आलेला दगडगोटा हजारो वर्षं साचून तो पट्टा झाला आणि पायथ्याच्या गावांचं भूजल तिथूनच भरतं. आता सांगा, आमचा सगळा संत्रापट्टा बोअरवर बोअर मारतोय, माझ्या बागेत तिसरा बोअर ७०० फुटांवर गेला, मार्चमध्ये मोटर फक्त हवा ओढते, आणि ज्या डोंगरावरून आमचं पाणी येतं तो डोंगर आम्ही चढूनसुद्धा पाहिला नाही. वरचं जंगल गेलं तर पाऊस सरळ माती घेऊन धावतो, तो पट्टा गाळानं बुजतो, आणि मग आमची झाडं वाळतात. हे लेक्चर हॉलमध्ये ऐकलं असतं तर विसरली असती मी, तिथं पायाखाली गोटे वाजत होते म्हणून डोक्यात बसलं.

वर चढताना डोंगर पायऱ्यांसारखा लागतो, एक चढ, मग सपाट, मग परत चढ. सगळा काळा पाषाण, लाव्हाचे थर एकावर एक थंड झालेले, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचे. दोन थरांच्या मध्ये एका ठिकाणी विटेसारख्या लाल मातीची पट्टी दिसली, आणि बरोबर तिच्या वर ओल होती, जानेवारीत सुद्धा. पाणी वरच्या फुटक्या दगडातून झिरपत येतं आणि त्या लाल थरावर अडतं. मावशींनी पानं बाजूला केली तर ओंजळभर झिरा. त्यांच्या भाषेत पाण्याला डा म्हणतात. मग मी विचारत सुटली, याला काय म्हणता, त्याला काय म्हणता. सिपना नदी आपण नेहमी ऐकतो, सिपना म्हणजे साग हे मला माहीत नव्हतं. कोरकू भाषा मराठी-हिंदीच्या नात्यातली नाहीच, ती तिकडं झारखंडातल्या संथाली, मुंडारीच्या नात्यातली आहे. पन्नास वर्षं बहिरमच्या यात्रेत, परतवाड्याच्या बाजारात हे लोक आमच्या शेजारी बसतात, आणि आम्ही त्यांना एक शब्द कधी विचारला नाही याची मला लाज वाटली, खरंच वाटली.

जंगल काही हिरवंगार नव्हतं, हे स्पष्ट लिहिते, नाहीतर लोक पावसाळ्याच्या फोटोसारखं समजून जातील. सागाची पानं पापडासारखी वाजत होती, धावडा तांबडा पडलेला, मध्येच कांडोळाचं पांढरंफेक झाड, एकही पान नाही. एका वळणावर अस्वलाची विष्ठा होती, त्यात बोराच्या बिया, भाऊंनी काडीनं उकरून दाखवली आणि म्हणाले कालची आहे. मग ते थांबले, पुढं एकटेच गेले, टाळ्या वाजवल्या, आवाज दिला, आणि मगच आम्हाला बोलावलं. कड्याजवळ तर सरळ वाट सोडून पाऊण तासाचा वळसा घातला कारण त्यांना मोहोळाचं लक्षण बरं दिसलं नाही. आमच्यातल्या एकीनं कुरकुर केली की कडा तर समोर दिसतोय. भाऊ काही बोलले नाहीत, हातानं वर दाखवलं, काळं-काळं लोंबत होतं, सहा-सात. यासाठीच वाटाड्या लागतो. इंग्लंडात डोंगरावर मोकळं फिरायचा हक्क आहे, तिथं २००० साली कायदाच केला, पण तिथं वाघ नाही, अस्वल नाही. आपल्याकडं तसं मोकळं सोडा असं मी म्हणत नाही. मेळघाट १९७४ पासून वाघांचं राखीव आहे, गाभ्यातलं जंगल त्यांचंच राहू द्यावं.

मला रानपिंगळा पाहायचा होता. हा छोटा घुबड शंभरावर वर्षं कोणाला दिसला नव्हता, संपला असंच धरलं होतं, १९९७ मध्ये नंदुरबारकडं पुन्हा सापडला आणि मग मेळघाटातही. दिवसा हिंडतो, सागाच्या विरळ जंगलात राहतो. दिसला नाही आम्हाला. भाऊ म्हणाले दोन वर्षांआधी याच उतारावर पाहिला, आणि कोणत्या फांदीवर तेही दाखवलं, आम्ही सगळ्या त्या रिकाम्या फांदीकडं बराच वेळ पाहत होतो.

बाराला माथ्यावर. दक्षिणेकडं आमचं सगळं सपाट, बागांचे हिरवे चौकोन, अचलपूर-परतवाड्याचा धूर, धुक्यात पुढं पूर्णेचं खोरं. उत्तरेकडं पाहिलं तर डोंगरामागं डोंगर. माथ्यावर उभं राहून भाऊंनी सांगितलं, इकडं पडलेला थेंब नाल्यातून चंद्रभागेत (आमच्या इकडची नदी, पंढरपूरची नव्हे), मग पूर्णेत, तिकडं पडलेला थेंब सिपनेत, आणि शेवटी दोघंही तापीलाच मिळतात. तिथं बसून आम्ही शिदोरी सोडली, ज्वारीच्या भाकरी, ठेचा, तिळाचे लाडू, संत्री, मावशींनी कुटकीचा, म्हणजे बारीक भरडधान्याचा भात आणला होता तो सगळ्यांनी घास-घास घेतला. संत्र्याची सालं आम्ही सवयीनं टाकायला लागलो तर मावशींनी पिशवी पुढं केली.

उतरताना पाटलांच्या वहिनींचा गुडघा धरला. इथं मला दुसरी गोष्ट कळली की एका वाटाड्यावर भागत नाही. मावशी त्यांना आणि अजून एकीला घेऊन गाईवाटेनं हळूहळू उतरल्या, बाकीच्यांना भाऊंनी नेहमीच्या वाटेनं आणलं. आणि मावशी नसत्या तर बायांच्या अडचणीचं काय, आडोसा कुठं, पाणी कुठं, हे आम्ही कोणाला विचारणार होतो? अर्ध्या बाया तर त्या भीतीनं पाणीच पीत नाहीत आणि मग चक्कर येते. म्हणून बायांच्या गटासोबत वाटाडी बाई असलीच पाहिजे, हे नियमातच लिहा.

संध्याकाळी पाचला खाली. साधारण १० किलोमीटर झाले असतील. आम्ही माणशी ३०० रुपये काढले होते, ३३०० झाले, ग्रामसभेनं पावती दिली, त्यातले काही ग्रामसभेच्या समितीला आणि बाकी दोघा वाटाड्यांना. भाऊंचं एरवीचं काम म्हणजे फेब्रुवारीपासून जाळरेषा कापायची, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा पट्टा करायचा, मग वणवा विझवायचा, मग मोह आणि तेंदूपत्ता, आणि काम नसलं की बायकोपोरं घेऊन बाहेर मजुरीला. ज्या माणसाला एवढं जंगल वाचता येतं त्याला आपण फक्त मजूर म्हणून ओळखतो. आमच्या तालुक्यातल्याच पायविहीरच्या लोकांनी सामूहिक वनहक्क मिळाल्यावर उजाड टेकड्यांवर झाडं उभी केली, तिथली सीताफळं बाजारात येतात. म्हणजे गावाच्या हाती दिलं तर गाव सांभाळतं, हे आपल्या डोळ्यांसमोर आहे. २००६ चा वनहक्क कायदा आहेच, नवीन काही करायला नको.

माझी विनंती एवढी की ज्या ग्रामसभांकडं असं जंगल आहे त्यांना वनखात्यानं असे पायी दिवस चालवायला मदत करावी. वाटाड्यांना प्रथमोपचाराचं ट्रेनिंग आणि ओळखपत्र, एका गटात १२ च्या वर माणसं नाही, आठवड्यातून दोनच दिवस, मोहाच्या हंगामात आणि वणव्याच्या दिवसांत बंद, आणि परवानगी एकाच ठिकाणी, ग्रामसभेत. रस्ता नको, रेलिंग नको, सेल्फी पॉइंट तर नकोच नको. हे करायला घेतलं की काही लोक लगेच हॉटेल बांधायला येतील, तेव्हा जमीन गावाचीच राहील हे आधी पक्कं करा. आणि सुरुवात पायथ्याच्या झेडपी शाळांपासून करा, सातवी-आठवीच्या पोरापोरींना वर्षातून एकदा तरी तो गोट्यांचा पट्टा आणि तो झिरा दाखवा, कारण उद्या बोअर तेच मारणार आहेत.

आमच्या गटातून आता १७ नावं आली आहेत. एका वेळी १२ च म्हणून दोन फेऱ्या कराव्या लागतील, आणि त्या भाऊ जाळरेषेच्या कामावर जायच्या आधी करायच्या आहेत. वहिनींनी गुडघ्याला पट्टा घेतला आहे, त्या दुसऱ्या फेरीत येणार.

आपली वाचक,
एक संत्रा उत्पादक शेतकरी बाई
तालुका अचलपूर, जिल्हा अमरावती