रिपोर्टवर फूटपट्टी ठेवणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,
सा. न. वि. वि.

तुम्ही पहिल्या मजल्यावर, मी तिसऱ्या. पत्र लिहावं एवढं अंतर नाही. पण समोर आभार मानायला दोनदा आले, तर एकदा तुम्ही ‘कुकर लावलाय गं’ म्हणालात आणि दुसऱ्यांदा हातात अळूवड्यांचा डबा ठेवून मला वाटेला लावलंत. म्हणून हे लेखी, आणि उघड. नाव घालायचं नाही या अटीवर तुम्ही हो म्हणालात, ती अट पाळते आहे.

त्या शुक्रवारचं सांगते. भावाच्या केमोचे (एबीव्हीडी, चार औषधांचा संच) चार डोस, म्हणजे दोन सायकल झाल्या होत्या. हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, वय २६. औषध लागू पडतंय की नाही हे बघायला मधला पेट-स्कॅन गुरुवारी केला. सहा तास उपाशी, बोट टोचून साखर तपासली, मग शिरेतून ते किरणोत्सारी साखरेचं इंजेक्शन आणि तासभर मंद उजेडाच्या खोलीत गुपचूप पडून राहायचं. बोलायचंसुद्धा नाही, कारण जो स्नायू हलतो तो साखर ओढतो आणि फोटोत उजळतो. आमचा भाऊ झोपेतही बडबडतो, पण तो तासभर गप्प राहिला. काही तास लहान मुलांपासून लांब राहा असं सांगून त्याला घरी पाठवलं. माझी लेक दाराच्या चौकटीत उभी राहून मामाकडे चेंडू टाकत होती. औषधाचा जोर दर ११० मिनिटांनी निम्मा होतो, असं तो तिला समजावत बसला होता. त्यानंतर दर थोड्या वेळाने तिचं एकच: ‘मामा, निम्मा झालास का?’

शुक्रवारी रात्री ९:४० ला रिपोर्ट फोनवर आला. अडीच पानं. पाठवणाऱ्यांचा फोन तोवर बंद झालेला, आणि परळची ओपीडी सोमवारी. मी पानं वरखाली सरकवत होते आणि एका ओळीवर डोळे अडकले: अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात, त्या साखरेचं ‘डिफ्यूज’ वाढलेलं शोषण. मी घाबरून तेवढ्याच ओळीचा फोटो काढून सांगलीला मामांना पाठवला. मामांनी दहा मिनिटांत निकाल लावला, ‘मज्जेत पसरलाय.’ (मामा बँकेतून निवृत्त झालेत.) आई काही बोलली नाही. लसणाची पिशवी घेऊन खाली बसली आणि सोलत राहिली. अख्खा किलोभर लसूण.

साडेदहाला मी जिन्यात येऊन रडत होते आणि तुम्ही कचऱ्याची बादली ठेवायला दार उघडलंत. तुम्ही ‘काय झालं’ विचारलं नाहीत. ‘रिपोर्ट आलाय ना?’ म्हणालात. वर येताना मात्र जिन्यातच बजावलंत, ‘मी डॉक्टर नाही, टायपिस्ट आहे. एकतीस वर्षं हेच टाइप केलं. याचा अर्थ डॉक्टर सांगतील. वाचायचा कसा, तेवढं मी सांगते.’

तुमच्या हातात ती स्टीलची फूटपट्टी होती. आधी तुम्ही ती फोनवरच ठेवलीत. पानं सरकायला लागली, फोन बंद काय झाला, भावाला हसू काय आलं! मग वही मागितलीत. तुम्ही एकेक शब्द वाचत होतात आणि मी उतरवून घेत होते, अडीचच्या अडीच पानं. लिहिलेल्या ओळींवर तुम्ही पट्टी ठेवायचात आणि ती संपल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचा नाहीत.

सर्वात आधी तारीख, मग ‘तुलना’. आधीच्या कुठल्या स्कॅनशी ताडून पाहिलंय ते लिहिलेलं असतं आणि तेच कोणी वाचत नाही, असं तुमचं म्हणणं. मग आलं यकृत, ‘अनरिमार्केबल’. मला वाटत होतं, त्याच्यात काही दम उरलेला नाही. तुम्ही म्हणालात, ‘अगं, डॉक्टरांनी पाहिलं आणि लिहिण्यासारखं काही सापडलं नाही. रिपोर्टातला हा सगळ्यात गोड शब्द.’ मेंदू आणि मूत्राशय उजळलेले दिसत होते, तेव्हा भाऊ दचकला. ते दोन नेहमीच उजळतात. मेंदू साखरेवरच चालतो आणि औषध लघवीतून बाहेर पडतं.

मग ती ओळ. तुमची पट्टी तिथे थांबली. ‘डिफ्यूज म्हणजे सगळीकडे सारखं. एखाद्या जागी डाग असता तर फोकल लिहिलं असतं. पांढऱ्या पेशी वाढवायची इंजेक्शनं दिली होती का याला?’ दिली होती, पेशी खाली गेल्या म्हणून, स्कॅनच्या आधीच. तुम्ही पट्टी एक ओळ खाली घेतलीत. तिथे लिहिलं होतं: बहुधा जी-सीएसएफमुळे. म्हणजे तीच इंजेक्शनं. दीड तास ती ओळ आमच्यासमोर होती, काकू. वरच्या ओळीने डोळेच बांधले होते.

आईने लसूण खाली ठेवला. आणि तुम्ही लगेच म्हणालात, ‘बहुधा लिहिलंय. म्हणजे सोमवारी विचारायचं.’

मानेतल्या गाठीचा उजळपणाचा आकडा आधी १४.२ होता, आता २.१. मला ते शून्य हवं होतं. आणि शेवटी ‘डोव्हिल ३’. पाचपैकी तीन, म्हणजे साठ टक्के, असं भाऊ म्हणाला. तुम्ही सांगितलंत की इथे जितकं कमी तितकं बरं. २००९ साली फ्रान्समधल्या डोव्हिल गावी तज्ज्ञ जमले आणि त्यांनी हा एक ते पाचचा हिशेब ठरवला. गाठ त्याच फोटोतल्या छातीतल्या रक्तापेक्षा आणि यकृतापेक्षा किती उजळ आहे हे बघतात. म्हणून २.१ हा आकडा एकटा काही बोलत नाही. मी विचारलं, ‘मग तीन चांगला ना?’ तुम्ही वही मिटलीत. ‘ते डॉक्टरांच्या तोंडून ऐक.’

खरं सांगू? त्या क्षणी तुमचा राग आला होता. तुम्हाला माहीत होतं हे दिसत होतं. दोन शब्द बोलला असतात तर काय बिघडलं असतं?

मग चहा पिताना तुम्ही ते सांगितलंत. कॅसेटवर सांगितलेलं ऐकत, पायाने पेडल दाबत टाइप करायचे दिवस. एका रिपोर्टात तुमच्या हातून ‘नो’ गळला. ‘नो एव्हिडन्स’चं ‘एव्हिडन्स’ झालं. सही करण्याआधी डॉक्टरांच्या नजरेला पडलं म्हणून वाचलं, नाहीतर तो कागद कुणाच्या तरी घरी गेला असता. त्या दिवसापासून ही पट्टी. ‘दोन अक्षरं होती गं,’ म्हणालात, आणि कप विसळायला उठलात. माझा राग कुठे गेला कळलं नाही.

जाता जाता कालनिर्णयच्या फाडलेल्या पानामागे तुम्ही माझ्याकडून चार प्रश्न लिहून घेतलेत. मज्जेचं कारण तेच का? तीनचा अर्थ काय? पुढच्या औषधात बदल आहे का? चौथा भावाचा होता, वडापाव कधी. शनिवार-रविवार गेले कसेबसे. झोप नव्हती, पण निदान मामांचा फोन मी उचलला नाही.

सोमवारी डॉक्टरांनी पाच मिनिटं दिली आणि तेवढी पुरली. मज्जा इंजेक्शनांमुळे. तीन म्हणजे औषध लागू पडलंय. चार औषधांतलं ब्लिओमायसिन फुप्फुसांना त्रास देऊ शकतं, ते आता पुढच्या डोसांतून काढून टाकू. मी कागद पुढे केला तेव्हा त्यांनी विचारलं, हे प्रश्न कोणी लिहून दिले? मी म्हटलं, खालच्या काकूंनी. वडापावला मात्र नाही म्हणाले, पेशी वर येईपर्यंत.

आता सगळे डोस संपले आहेत. शेवटचा स्कॅन लगेच करा म्हणून मी डॉक्टरांकडे कुरकुरले, तर म्हणाले, सहा ते आठ आठवडे थांबा. औषधाने आलेली सूजही साखर ओढते आणि उगीच उजळते. म्हणून थांबलोय. घरात पुन्हा लसूण सोलला जातो आहे, या वेळी पाव-पाव किलो.

तुमची फूटपट्टी त्या रात्रीपासून आमच्या टीव्हीखाली पडून आहे. मागच्या आठवड्यात तुम्ही ती परत मागितलीत आणि मी ‘सापडत नाहीये’ म्हणाले, ते खोटं होतं. १८ तारखेला स्कॅन आहे. रिपोर्ट बहुतेक रात्रीच येईल. बादली ठेवायला दार उघडाल तेव्हा मी पट्टी आणि कोरी वही घेऊन जिन्यात असेन.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची