विश्वस्त होण्याआधी उतारा वाचा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : सार्वजनिक न्यासांच्या विश्वस्तांची निवड आणि जबाबदारी

महोदय,

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर ‘विश्वस्तपदी निवड’ या मथळ्याची बातमी अधूनमधून असतेच. शाल, श्रीफळ, हार आणि ‘सर्व स्तरांतून अभिनंदन’ हा मजकूर ठरलेला. निवड झालेल्या मंडळींविषयी आदर राखूनच विचारावेसे वाटते की, संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी त्यांच्यापैकी किती जणांनी त्या संस्थेचा धर्मादाय कार्यालयातील उतारा मागवून वाचला असेल? तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक वाचनालयाचा विश्वस्त या नात्याने आणि आसपासच्या काही संस्थांचे कामकाज जवळून पाहिल्यामुळे मला हा प्रश्न किरकोळ वाटत नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या प्रत्येक संस्थेची एक नोंद धर्मादाय कार्यालयात असते. कार्यालयाच्या आवारात सगळे तिला ‘शेड्यूल वन’ म्हणतात. संस्थेचे नाव, उद्देश, स्थावर-जंगम मालमत्ता आणि सध्याचे विश्वस्त कोण, हे त्या नोंदीच्या प्रतीवरून, म्हणजे उताऱ्यावरून, कळते. विश्वस्त मंडळात काहीही बदल झाला तर तो ९० दिवसांच्या आत कलम २२ प्रमाणे ‘चेंज रिपोर्ट’ (बदलाची नोंद करण्याचा अर्ज) दाखल करून कळवावा लागतो. प्रत्यक्षात कित्येक संस्थांच्या उताऱ्यावर दिवंगत झालेल्यांची नावे तशीच असतात, तर कारभार पाहणाऱ्या मंडळींचा तेथे पत्ता नसतो. कधी अर्जच दिलेला नसतो, कधी दोन गटांनी एकमेकांविरुद्ध दिलेले अर्ज पडून असतात. (अर्ज निकाली निघायला लागणारा वेळ हा धर्मादाय कार्यालयांचा दोष आहेच, पण मुळात अर्ज न देण्याचे खापर त्यांच्यावर फोडता येत नाही.) अशा संस्थेत नव्याने येणारा माणूस सभेत ठराव मांडतो, धनादेशावर सही करतो, आणि मग एके दिवशी बँक उतारा मागते किंवा जागेच्या परवानगीसाठी अर्ज करायची वेळ येते, तेव्हा आपण कागदोपत्री या संस्थेचे कोणीच नाही हे त्याला समजते. म्हणून उतारा, संस्थेची घटना किंवा न्यासपत्र आणि मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल एवढे कागद वाचून झाल्याशिवाय होकार देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असे कोणी विचारलेच, तर त्या संस्थेपासून दूर राहावे.

लेखापरीक्षण अहवालाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण विश्वस्तांच्या हातातील सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी वाचला जाणारा कागद तोच आहे. ३१ मार्चला वर्ष संपते, त्यानंतर सहा महिन्यांत हिशेब तपासून व्हावे लागतात. त्यामुळे सप्टेंबर उजाडला की कोशाध्यक्षांची धावपळ सुरू होते आणि ताळेबंदावर घाईघाईने सह्या होतात. ताळेबंदाखालचा शिलकीचा आकडा सगळे पाहतात, मात्र अहवालासोबतची प्रश्नावली कोणी उलगडत नाही. त्या प्रश्नावलीत तपासनिसाला उत्तरे द्यावी लागतात : घटनेत ठरलेली विश्वस्तांची किमान आणि कमाल संख्या राखली आहे का, सभा नियमित होतात का, इतिवृत्ताची वही ठेवली आहे का, कोणी विश्वस्त संस्थेचा ऋणको किंवा धनको आहे का, संस्थेच्या गुंतवणुकीत कोणा विश्वस्ताचा हितसंबंध आहे का, दुरुस्ती-बांधकामावर पाच हजार रुपयांपेक्षा अधिक खर्च झाला असल्यास निविदा मागवल्या होत्या का. पाच हजारांचा आकडा आजच्या दराने हास्यास्पद आहे, हे मान्य. पण प्रश्न नेमके आहेत. ज्याला हिशेबातले काही कळत नाही असा शिक्षक, डॉक्टर किंवा शेतकरी विश्वस्तसुद्धा ही उत्तरे वाचून सभेत विचारू शकतो की, ‘सभा नियमित होतात’ असे येथे लिहिले आहे, त्या कधी झाल्या?

कारण सभा कशा ‘होतात’ हे आपण सगळे जाणतो. संस्थेचा शिपाई इतिवृत्ताची वही पिशवीत घालून घरोघर फिरतो, ओटीवर चहा होतो, आणि ‘साहेब, इथे फक्त एक सही’ म्हणत तो बोटाने जागा दाखवतो. वर काय लिहिले आहे ते वाचायला चष्मा आत असतो. गणपूर्ती कागदावर पूर्ण होते. पुढे त्याच पानावर कोणाच्या तरी पुतण्याला रंगकामाचे कंत्राट दिल्याचा किंवा गाळ्याचे भाडे जुन्याच दराने चालू ठेवल्याचा ठराव निघाला, तर ‘मला माहीत नव्हते’ या बचावाला काही अर्थ राहत नाही. कलम ३६-अ विश्वस्ताकडून समंजस माणसाइतक्या दक्षतेची अपेक्षा ठेवते, आणि हिशेब सादर करण्यात वारंवार कसूर करणाऱ्या किंवा कर्तव्याकडे सतत दुर्लक्ष करणाऱ्या विश्वस्ताला कलम ४१-ड खाली निलंबित वा दूरही करता येते. तेव्हा ठराव पटत नसेल तर सही नाकारण्यापेक्षा सभेला जाऊन आपला विरोध इतिवृत्तात नोंदवून घेणे अधिक उपयोगाचे. त्याने चार माणसे रागावतात, हे खरे आहे.

आमच्या भागात संस्थांचे सर्वाधिक पैसे अफरातफरीत बुडाले नसून ठेवीत बुडाले आहेत. मंडळातील एखादा सदस्य गावच्या पतसंस्थेचा संचालक असतो, ती बँकेपेक्षा एक-दीड टक्का व्याज जास्त देते, आणि इमारत निधी तिकडे वळतो. कलम ३५ प्रमाणे न्यासाचा पैसा अनुसूचित बँक, टपाल बचत बँक, शासनाने मान्यता दिलेली सहकारी बँक किंवा सरकारी रोखे अशा ठरावीक ठिकाणीच ठेवता येतो. अन्यत्र ठेवायचा तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. पतसंस्था अडचणीत आली की लोकवर्गणीतून जमवलेली रक्कम मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतात. ज्या विश्वस्ताने ठराव करतेवेळी ‘ही परवानगी घेतली आहे का?’ एवढेच विचारले असते, त्याने देणगीच्या पाटीवर नाव कोरलेल्या कोणाहीपेक्षा संस्थेचे अधिक भले केले असते.

जागेच्या व्यवहारालाही हेच लागू आहे. विक्री, अदलाबदल आणि बक्षीस यांना, तसेच शेतजमीन १० वर्षांहून आणि इतर जागा ३ वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने देण्याला, कलम ३६ खाली आयुक्तांची मंजुरी आवश्यक असते. बाजारपेठेतील मोक्याच्या जागा असलेल्या जुन्या देवस्थानांच्या आणि वाचनालयांच्या विश्वस्तांनी हे कलम तरी पाठ करावे. धर्मादाय रुग्णालयाच्या विश्वस्ताला १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात हे ठाऊक असावे, आणि त्या दर महिन्याला किती भरल्या याचा तक्ता त्याने सभेत मागावा.

आता निवडीविषयी. आपल्याकडे देणगीदार, त्यांचे चिरंजीव, माजी नगराध्यक्ष आणि एखादे निवृत्त प्राचार्य अशी मंडळाची जुळणी असते. यांतील कोणीही नको असे मी म्हणणार नाही. पण हिशेब वाचणारे एक माणूस, कायद्याची माहिती असणारे एक माणूस आणि संस्थेचा रोज उपयोग करणारे किमान एक माणूस (वाचनालयाचा वाचक, वसतिगृहाची माजी विद्यार्थिनी) असल्याखेरीज मंडळ पुरे झाले असे समजू नये. संस्थेच्या घटनेत स्त्रियांना बंदी नसूनही मंडळावर एकही स्त्री नाही, अशा संस्था अजून पुष्कळ आहेत. तहहयात विश्वस्तांच्या संख्येवर राज्य सरकारने २०२५ मध्ये मर्यादा आणली, ती योग्यच झाली. ज्येष्ठांचा अनुभव सल्लागार म्हणून घेता येतो. त्यासाठी धनादेशावरील सही मरेपर्यंत त्यांच्याकडेच असायला हवी असे नाही.

एक शेवटची बाब राजीनाम्याची. मंडळाचे वागणे पटले नाही म्हणून अध्यक्षांच्या हाती पत्र देऊन घरी बसणारे अनेक सज्जन भेटतात. तो राजीनामा सभेत मंजूर होऊन त्याचा चेंज रिपोर्ट दाखल झाला नाही, तर उताऱ्यावर त्यांचे नाव राहते आणि पुढच्या कारभाराबद्दलची नोटीस त्यांच्याही पत्त्यावर येते. राजीनाम्याच्या प्रतीवर संस्थेची पोच घ्यावी, एक प्रत थेट धर्मादाय कार्यालयात आवक शिक्का मारून द्यावी, आणि काही महिन्यांनी नवा उतारा काढून आपले नाव कमी झाले की नाही हे स्वतः पाहावे.

आपला,
एका सार्वजनिक वाचनालयाचा विश्वस्त