इंटरनेट हवेच, पण उघड्या वीजतारांतून नको

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आमच्या भागातल्या एका ग्रामसभेत नुकताच विजेच्या तारांमधून इंटरनेट आणण्याचा विषय निघाला. घराघरांत लाइन गेलेलीच आहे, खोदकाम नको, नवी केबल नको, प्लगमध्ये एक डबी खोचली की झाले, असे मांडणाऱ्याने सांगितले आणि लोकांना ते पटले. पटणारच. सातबारापासून पीक विम्यापर्यंत सगळे ऑनलाइन झाले आहे आणि आमच्याकडे रेंज शोधत वावराच्या धुऱ्यापर्यंत जावे लागते. गावात चांगले इंटरनेट यावे ही माझीही मनापासून इच्छा आहे. पण मी परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालक आहे आणि ते या वाटेने येण्याला माझा ठाम विरोध आहे. ग्रामसभेत तो नीट मांडायला वेळ मिळाला नाही, म्हणून आपल्या स्तंभाचा आधार घेत आहे.

आपल्या लाइनमधून वीज 50 हर्ट्झने वाहते. इंटरनेट द्यायचे तर त्याच तारांवर साधारण 2 ते 30 मेगाहर्ट्झचे संकेत चढवावे लागतात. हा सगळा पट्टा शॉर्टवेव्हचा. हॅमचे 3.5, 7, 14, 21 आणि 28 मेगाहर्ट्झचे बँड, म्हणजे आम्हाला बोलण्यासाठी नेमून दिलेले छोटे पट्टे, यातच आहेत. समुद्रावरून जाणारी विमाने आणि लांबची जहाजेही याच पट्ट्यात बोलतात. टीव्हीच्या केबलला भोवती जाळीचे कवच असते, टेलिफोनच्या दोन तारांना पीळ दिलेला असतो, त्यामुळे संकेत आतल्या आत राहतो. आपल्या 11 केव्हीच्या तारा मात्र उघड्या, एकमेकींपासून दूर आणि मैलोन् मैल शिवारातून गेलेल्या. त्यांच्यावर शॉर्टवेव्हचा संकेत सोडला की तारा स्वतःच अँटेना होतात. भोके पडलेल्या पाइपाने ओलित करावे तसा हा प्रकार आहे. शेवटच्या सरीला पाणी पोहोचत नाही आणि मधल्या वाटेवर चिखल होतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण ग्रामसभेत दोन्हींची गल्लत झाली. वीज कंपन्या उच्चदाबाच्या वाहिन्यांवरून उपकेंद्रांचे आपसातले संदेश फार पूर्वीपासून पाठवत आल्या आहेत. मोठ्या उपकेंद्रात तारेला टांगलेली जाडजूड गुंडाळी दिसते, ती त्याच कामाची. पण ते काम 500 किलोहर्ट्झच्या खाली चालते. तारेवरून रीडिंग पाठवणारे काही मीटरही त्याच खालच्या पट्ट्यात असतात. त्यांच्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती ब्रॉडबँडच्या वेगासाठी अख्खा शॉर्टवेव्ह पट्टा तारांवर चढवण्याबद्दल.

तारांमुळे रेडिओवर येणारा गोंगाट म्हणजे नेमके काय, हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर लोडशेडिंगच्या वेळी कोणत्याही हॅमच्या घरी जाऊन बसावे. माझा रिग, म्हणजे बोलण्या-ऐकण्याचा रेडिओ संच, 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. लाइन असताना 7 मेगाहर्ट्झवर त्याच्या संकेताचा जोर दाखवणाऱ्या मीटरचा काटा पाच-सहावर थरथरत असतो. तडकलेले इन्सुलेटर, सैल जंपर, एलईडी दिवे, पंपांचे कंट्रोलर अशा सगळ्यांची ती खरखर. लाइन गेली की काटा एक-दोनवर येतो आणि खाली दबलेले आवाज वर येतात. हैदराबादचा कोणी, भोपाळचा कोणी, मघापासून बोलतच असतो. या मीटरवरचे एकेक घर म्हणजे व्होल्टेज दुप्पट. काटा दोनवरून आठवर गेला तर गोंगाट 64 पट झाला. नऊच्या घराला अँटेनातून येणारा संकेत असतो 50 मायक्रोव्होल्टचा, आणि एक मायक्रोव्होल्ट म्हणजे एका व्होल्टचा दहा लाखावा भाग. इतक्या बारीक गोष्टीवर आमचे सगळे काम चालते. दहा वॉटचा हॅम हजार किलोमीटरवर ऐकू येतो तो ऐकणाऱ्याच्या बाजूला शांतता असते म्हणून. खेडेगावात राहणाऱ्या हॅमची खरी संपत्ती ही शांतताच आहे. शहरातल्या हॅमला ती मिळत नाही.

तालुक्याच्या गावी एका नातेवाइकाने वरच्या मजल्यावर इंटरनेट नेण्यासाठी प्लगमध्ये खोचायच्या दोन डब्या आणल्या, तेव्हा मी छोटा रिसीव्हर घेऊन मुद्दाम गेलो. पाच मेगाहर्ट्झपासून वर सरकत गेलो तर एकसारखी टिकटिक आणि खरखर. 7.0 वर पोहोचताच ती जवळपास थांबली, 7.3 ओलांडताच पुन्हा सुरू झाली. म्हणजे बनवणाऱ्याने हॅमचा बँड जाणीवपूर्वक वगळला होता. घरातल्या अशा डब्यांसाठी ही पद्धत रूढ आहे. तेव्हा बँड मोकळे ठेवणे शक्य नाही, असे कोणी सांगितले तर ते खरे मानू नये. फक्त एका घरातली दहा मीटर वायरिंग वेगळी आणि गंजलेल्या सांध्यांची, हाताने पीळ मारून जोडलेली आपली गावठाणाची लाइन वेगळी. गंजलेल्या सांध्यावर संकेत एकमेकांत मिसळतात आणि वगळलेली जागाही भरू लागते.

लोक विचारतात, हे बँड म्हणजे चार हौशी लोकांचा छंद, त्यासाठी गावाचे इंटरनेट अडवायचे का? छंद आहे, हे मी मान्य करतो. केंद्र सरकारची परीक्षा देऊन, पोलीस पडताळणी होऊन मिळालेल्या परवान्याचा छंद आहे. पण 26 डिसेंबर 2004 रोजी त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद या हॅम पोर्ट ब्लेअरमध्ये होत्या. व्हीयू2आरबीआय हा त्यांचा कॉल साइन, म्हणजे परवान्यासोबत मिळणारे रेडिओवरचे नाव. अंदमानचे फोन बंद पडले आणि बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवरच्या नातेवाइकांना कळू लागली ती त्यांच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या रेडिओवरून. 1993 मध्ये किल्लारीला, 1999 मध्ये ओडिशाच्या चक्रीवादळात, 2001 मध्ये भूजला हॅम पोहोचले होते. विदर्भालाही हे परके नाही. 1991 च्या जुलैत वर्धा नदीने नागपूर जिल्ह्यातले मोवाड बुडवले, ते आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढून जात नाही. ऑगस्ट 2020 मध्ये वैनगंगेने भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत काय केले तेही अलीकडचेच आहे. पावसाळ्यात भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या तर वर्षानुवर्षे येत आहेत. मेळघाटाच्या किंवा भामरागडच्या डोंगरात हातातला वॉकीटॉकी टेकडीपलीकडे जात नाही. पण 7 मेगाहर्ट्झसाठी साठ-पासष्ट फूट तार दोन झाडांच्या मधे, घराच्या उंचीवर ताणली की लहर जवळजवळ सरळ वर जाते, आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतते आणि दोन-तीनशे किलोमीटरच्या टापूत कुठेही ऐकू येते. ना टॉवर लागतो, ना उपग्रह.

यावर एका शिकलेल्या तरुणाने मला चांगला प्रश्न विचारला. पुरात लाइन बंदच असते, मग तारांतले इंटरनेटही बंद. तुम्हाला त्रास होईलच कसा? उत्तर असे की पूर आलेल्या गावात त्रास होणार नाही, पण मदतीची हाक ऐकणारा तिथे नसतोच. तो यवतमाळला, अकोल्याला, नागपूरला बसलेला असतो आणि त्याच्याकडे लाइन चालू असते. अंदमानचा आवाज हजारावर किलोमीटर दूर भारताच्या किनाऱ्यावर ऐकू आला, कारण तिथे ऐकणाऱ्याच्या कानात खरखर नव्हती. बॅटरीवर चालणारा, भिजलेल्या तारेचा अशक्त आवाज टिपायचा असतो तो नेमका गोंगाटातल्या माणसाला. शिवाय वर्षभर बँडवर काहीच ऐकू येत नसेल तर रोज सकाळी रिग चालू करून कोण बसेल? सराव मोडला की संकटाच्या दिवशी यंत्र असेल, माणूस नसेल.

हा प्रयोग जगात झालेला आहे. अमेरिकेत 2004 मध्ये एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामक संस्थेने, या तंत्रासाठी नियम केले. व्हर्जिनिया राज्यातल्या मॅनासस शहराने 2005 मध्ये संपूर्ण शहरासाठी अशी सेवा सुरू केली, तिथल्या हॅमनी तक्रारी केल्या, आणि 2010 मध्ये शहराने ती बंद केली. त्याआधी 2008 मध्ये अमेरिकेतल्या हॅम संघटनेच्या दाव्यावर वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने एफसीसीला फटकारले होते, कारण तिने स्वतःच्याच तांत्रिक अभ्यासांतले काही भाग झाकून नियम केले होते. जिथे लाइनची देखभाल आपल्यापेक्षा कितीतरी बरी आहे तिथली ही गत.

आमच्या लाइनची अवस्था आपले वाचक जाणतात. डीपीच्या पेटीला दार नाही, फ्यूजच्या जागी तार, तारांवर आकडे, उन्हाळ्यात झोळ पडलेल्या तारा एकमेकींना लागून कपाशीच्या वावरात ठिणग्या. शॉर्टवेव्हचा संकेत ट्रान्सफॉर्मर सहजी ओलांडत नाही. म्हणून प्रत्येक डीपीला वळसा देणारे यंत्र, मधे मधे संकेत पुन्हा उभा करणारी यंत्रे, आणि ती सगळी उघड्या पोलवर वीज पडण्याच्या वाटेत. थ्री फेज आली आणि शिवारातल्या मोटारी एकदम सुरू झाल्या की वेग कोसळणार. गावकऱ्यांना मिळेल ते इंटरनेटही धड नसेल आणि बँड कायमचा जाईल, ही माझी खरी भीती आहे.

पोल मात्र कामाचे आहेत. त्याच पोलवरून ऑप्टिकल फायबर ओढता येते. काचेच्या धाग्यातून प्रकाश जातो, शॉर्टवेव्हवर त्याची कसलीही खरखर होत नाही, आणि वेग तारेपेक्षा कितीतरी जास्त मिळतो. भारतनेट या केंद्र सरकारच्या योजनेचे फायबर ग्रामपंचायतींपर्यंत आणण्याचे काम 2011 पासून वेगवेगळ्या नावांनी चालू आहे. ज्या पंचायतीत फायबरची पेटी भिंतीवर लागून धूळ खात आहे, तिथे ती आधी चालू करावी. पंचायतीपासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा पोलवरच्या फायबरने किंवा वायफायने पुरा करावा. ग्रामसभांनी ठरावच करायचा तर हा करावा.

तरीही कोणाला तारांतून चाचणी घ्यायचीच असेल, तर दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची लेखी परवानगी गावासमोर ठेवावी. हॅमचे सर्व बँड सुरुवातीपासून वगळावेत आणि त्रास सिद्ध झाला तर त्या डीपीवरचा संकेत कोणी, किती तासांत बंद करायचा, हे करारात लिहावे. चाचणीच्या आधी आणि नंतर एकाच जागी, एकाच अँटेनावर गोंगाट मोजला जावा. त्या मोजणीला मी माझा रिसीव्हर, बॅटरी आणि तार घेऊन स्वखर्चाने येईन. जिल्ह्यातले इतर परवानाधारकही येतील, तसे आमचे बोलणे झाले आहे. मोजणीचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत, एवढीच विनंती.

आपला नम्र,
एक परवानाधारक हौशी रेडिओ चालक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ