प्रत्येक शाळेला एक काठी हवी : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

नाताळच्या सुट्टीत आम्ही घरचे पाच जण उज्जैनला गेलो होतो. महाकालेश्वराचं दर्शन सासूबाईंसाठी आणि क्षिप्रेकाठची जुनी वेधशाळा मुलांसाठी, असं ठरलं होतं. वेधशाळेत तासाभरात आटपेल अशी माझी कल्पना होती. सकाळी साडेदहाला आत शिरलो ते उन्हं कलल्यावर बाहेर पडलो. त्या दिवसामुळेच हे पत्र लिहिते आहे.

जयपूरचे सवाई जयसिंह यांनी 18व्या शतकात दिल्ली, जयपूर, उज्जैन, काशी आणि मथुरा अशा पाच ठिकाणी वेधशाळा बांधल्या. मथुरेची आज उरलेली नाही. उज्जैनची मोडकळीला आली होती. 1923 मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार करवला आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. पितळी यंत्रं लहान असतात, त्यांचे आस झिजतात, ती जागची हलतात, म्हणून जयसिंहांनी दगड-चुन्याची भलीमोठी यंत्रं उभी केली. हे सगळं मी मुलांना सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. खरी जादू झाली ती सम्राट यंत्रापाशी, म्हणजे तिथल्या भल्यामोठ्या सूर्यघड्याळापाशी.

मधोमध पायऱ्या असलेली, 22 फूट उंचीपर्यंत चढत जाणारी तिरपी भिंत, आणि तिच्या पूर्वेला नि पश्चिमेला चंद्रकोरीसारख्या वाकलेल्या दोन कडा. कडांवर तास-मिनिटांच्या खुणा. सकाळी भिंतीची सावली पश्चिमेच्या कडेवर पडते आणि दुपार होऊ लागते तशी खाली उतरते. माझी आठवीतली मुलगी त्या कडेशी वाकून बसली. सावलीची रेघ लांबून सुरीच्या धारेसारखी दिसते. डोळे जवळ नेले की ती विरघळते. आधी गडद, मग करडी, मग ऊन. सूर्य म्हणजे ठिपका नव्हे, चांगली थाळी आहे, म्हणून असं होतं. तिनं करड्या पट्ट्याचा मध्य धरला, बोट टेकवलं आणि वाचलं : 11 वाजून 14 मिनिटं. मोबाइलवर 11 वाजून 41 झाले होते. ‘चुकलं माझं,’ म्हणाली.

तिचं काही चुकलं नव्हतं. आपली प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची, आणि उज्जैन आहे 75.8 अंशांच्या आसपास. दर अंशाला 4 मिनिटं धरली की 27 मिनिटांचा फरक येतो. सूर्याची चाल वर्षभर सारखी नसते, त्यामुळे आणखी एक दुरुस्ती लागते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती 16 मिनिटांपर्यंत जाते, पण 25 डिसेंबरच्या सुमारास शून्यावर येते, आणि आम्ही नेमके त्याच दिवशी तिथे होतो. मुलीनं तिकिटाच्या पाठीवर गुणाकार केला, 27 मिळवले, आणि उत्तर मोबाइलशी जुळलं तेव्हा तिनं वर पाहिलं. मंत्रिमहोदय, तो चेहरा आपण पाहायला हवा होता.

सासूबाई तोवर शेजारच्या कट्ट्यावर टेकल्या होत्या. आयुष्यभर पंचांग हाताळलेली बाई. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘मग आपल्या गावाचे खरे बारा वाजतात तरी किती वाजता?’ इतकी वर्षं मी घड्याळ लावून जगते आहे, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

मग त्या भिंतीचा चढ. तो 23 अंश 10 कला आहे, कारण उज्जैनचा अक्षांश तेवढा. त्यामुळे भिंतीची वरची कड पृथ्वीच्या आसाला समांतर राहते आणि तिचा रोख उत्तर ध्रुवाकडे असतो. मुलीनं विचारलं, हीच भिंत उचलून पुण्यात नेऊन ठेवली तर? तर ती चुकीची वेळ दाखवेल. पुण्याला साडेअठरा अंशांचा चढ हवा, नागपूरला एकवीसहून थोडा जास्त. अक्षांशाची व्याख्या तिला कधीपासून पाठ आहे, मार्कही मिळाले आहेत. पण अक्षांश म्हणजे आपण उभे आहोत त्या जागेचा कोन, हे तिला त्या दिवशी भिंतीवर हात ठेवून कळलं. शाळेची सहल यंदा जलउद्यानात गेली होती. मुलं खूश होती, माझी तक्रार नाही. पण वर्षातून एकच सहल निघते, हेही खरं.

नाडीवलय यंत्र म्हणजे दोन तोंडांचं, विषुववृत्ताला समांतर बसवलेलं सूर्यघड्याळ. त्याच्या दक्षिण तोंडावर ऊन होतं आणि उत्तर तोंड सावलीत. 21 मार्चनंतर ते उलटतं. दिगंश आणि भित्ती या बाकीच्या यंत्रांपाशी आम्ही फार थांबलो नाही, कारण धाकट्याला शंकू यंत्र सोडवेना. सपाट गोल ओटा, मध्ये उभा शंकू, आणि ओट्यावर सात रेषा. सूर्य ज्या राशीत असेल त्या रेषेवरून सावलीचं टोक चालतं. दक्षिणायन नुकतंच संपलेलं, त्यामुळे टोक सगळ्यात बाहेरच्या रेषेला लागून होतं. मोबाइलवर 12 वाजून 27 मिनिटं झाली, म्हणजे उज्जैनचे खरे बारा. तेव्हा चौथीतल्या माझ्या मुलाची सावली जवळजवळ त्याच्याएवढीच लांब पडली होती. जूनच्या अखेरीस याच जागी, याच वेळी ती पायाखाली नाहीशी होते, हे सांगितल्यावर तो बराच वेळ स्वतःच्या पायांकडे बघत राहिला.

साहेब, सगळ्या मुलांना उज्जैनला नेता येणार नाही, हे मला समजतं. पण शंकू यंत्र म्हणजे शेवटी एक सरळ उभी काठी. ती महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेच्या मैदानात रोवता येईल. काठीभोवती वर्तुळ काढायचं, सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे शिवतं तिथे खूण करायची, दुपारी ते पुन्हा शिवेल तिथे दुसरी. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. शुल्बसूत्रांच्या, म्हणजे यज्ञवेदींची मापं सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथांच्या, काळापासून ही रीत आपल्याकडे आहे. त्यासाठी होकायंत्र लागत नाही, वीज लागत नाही.

शून्य सावलीच्या दिवसाची, म्हणजे माध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते त्या दिवसाची, बातमी अलीकडे दरवर्षी येते. आपल्या राज्यात तो दिवस मे महिन्यात येतो. कोल्हापुरात 7 तारखेच्या, पुण्यात 14 तारखेच्या, नागपुरात 26 तारखेच्या आसपास. तेव्हा शाळांना सुट्टी असते. तोच योग जुलै-ऑगस्टमध्ये परत येतो तेव्हा आभाळ भरलेलं असतं. म्हणून माझी विनंती वेगळ्या दिवसाची आहे, विषुवदिनाची, म्हणजे सूर्य विषुववृत्तावर असतो आणि दिवस-रात्र जवळजवळ सारखे असतात त्या दिवसाची. 20-21 मार्चला शाळा चालू असतात, आकाश बहुधा निरभ्र असतं. त्या दिवशी माध्यान्हीच्या सावलीवरून आपल्या गावाचा अक्षांशच मोजता येतो. 1 मीटर उंच काठीची सावली कोल्हापुरात साधारण 30 सेंटिमीटर पडेल, नागपुरात 39. दोन्हीकडच्या मुलांनी फोनवर आकडे सांगितले आणि त्यांवरून कोन काढले, की साडेचार अंशांचा फरक निघतो. एका अंशाला 111 किलोमीटर धरले तर दोन्ही गावांमधलं दक्षिणोत्तर अंतर 500 किलोमीटरच्या जवळ. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानानं सावल्यांवरूनच पृथ्वीचा परीघ काढला होता.

आपण एक परिपत्रक काढावं, एवढंच मागणं आहे. प्रत्येक शाळेत काठी, महिन्यातून एकदा माध्यान्हीचं माप, आणि विषुवदिनी जिल्ह्याजिल्ह्यांतल्या शाळांमध्ये आकड्यांची देवाणघेवाण. कृपा करून यावर परीक्षा घेऊ नका, मार्क ठेवू नका. शिक्षकांवर आणखी एका अहवालाचं ओझंही नको. वर्गाच्या भिंतीवरचा एक तक्ता पुरे. आणि ज्या शाळांना परवडेल त्यांच्या सहलींच्या यादीत वेधशाळांना जागा द्या.

आमच्या गच्चीवर सध्या एका कुंडीत काठी उभी आहे. मुलगी दर रविवारी तिच्या सावलीची खूण करते, सासूबाई पंचांग घेऊन शेजारी बसतात. 21 मार्चचं आमचं माप आपल्या कार्यालयाला कळवीन. उत्तरादाखल राज्यातल्या एखाद्या शाळेचा आकडा मिळाला, तर अंतर काढायला मुलगी कागद-पेन्सिल घेऊन तयार आहे.

आपली नम्र,
एक पालक